‘द व्हिलेज’ दुसऱ्यांदा पाहायला हवा

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत रहस्यपटांवर आलेल्या लेखात एम. नाइट श्यामलन यांच्या ‘द व्हिलेज’ची बोळवण दोन वाक्यांत झाली आहे. शेवटचा धक्का आधीच ओळखता येतो, म्हणून चित्रपट फसला, असा त्या लेखाचा निकाल आहे. हे मत नवे नाही. २००४ साली चित्रपट आला तेव्हा रॉजर ईबर्ट या नामवंत अमेरिकी समीक्षकानेही त्याला एकच तारा दिला होता. पण रहस्यपट शेवटच्या दहा मिनिटांवर तोलायचा ही पद्धतच आम्हाला चुकीची वाटते, आणि ती का चुकीची हे दाखवायला याच चित्रपटाइतके चांगले उदाहरण नाही. पटकथालेखन शिकवताना हा चित्रपट प्रसंगागणिक सोडवून पाहावा लागतो, त्या अभ्यासातून हे पत्र लिहीत आहोत. पत्रात सगळे रहस्य उघड होणार आहे. चित्रपट पाहायचा राहिला असेल त्यांनी आधी तो पाहावा आणि मग इकडे यावे.

कथा थोडक्यात अशी. पेनसिल्व्हेनियातल्या जंगलाच्या मधोमध एक गाव आहे. बाहेरच्या शहरांशी त्याचा संबंध नाही. जंगलात ‘ज्यांच्याविषयी बोलायचे नाही’ असे प्राणी राहतात. गावाने जंगलात पाऊल टाकायचे नाही आणि त्यांनी गावात यायचे नाही, असा अलिखित करार आहे. लाल रंग त्यांना खेचून आणतो म्हणून तो गावात निषिद्ध आहे, तर पिवळा रंग रक्षण करतो असा समज आहे. गावाचा कारभार ज्येष्ठ मंडळी पाहतात आणि त्यांचा म्होरक्या आहे एडवर्ड वॉकर. त्याची अंध मुलगी आयव्ही हिचे अबोल ल्युसियसवर प्रेम आहे. मनाने लहान राहिलेला नोहा मत्सरापोटी ल्युसियसला सुरा मारतो. औषध आणायला आयव्हीला जंगल ओलांडावे लागते, आणि मग तीन गोष्टी उघड होतात. जंगलातले प्राणी ज्येष्ठांनीच रचलेले सोंग आहे. काळ एकोणिसाव्या शतकाचा नसून आजचा आहे: आप्तांच्या खुनांनी होरपळलेल्या या ज्येष्ठांनी, त्यांत इतिहासाचा प्राध्यापक असलेला एडवर्डही आला, बाहेरच्या जगात परत न जाण्याची शपथ घेऊन १९७० च्या दशकात हे गाव वसवले. आणि आयव्हीवर जंगलात चालून आलेला प्राणी म्हणजे ते सोंग घातलेला नोहा.

तीन कलाटण्या असूनही चर्चा बहुतेक वेळा एकाच कलाटणीची होते, ती म्हणजे काळाची. ती ओळखता येते हे खरेच आहे. १९९९ च्या ‘द सिक्स्थ सेन्स’नंतर श्यामलन यांच्या प्रत्येक चित्रपटाला प्रेक्षक पहिल्या मिनिटापासून संशय घेऊनच बसू लागला. त्यातून या चित्रपटाच्या जाहिराती राक्षसाच्या भयपटाच्या थाटाच्या होत्या. पहिल्या शनिवार-रविवारी अमेरिकेत सुमारे ५ कोटी डॉलरची तिकिटे खपली आणि पुढच्याच आठवड्यात गल्ला निम्म्याहून अधिक घसरला. अमेरिकेतली एकूण कमाई ११ कोटी ४० लाख डॉलरच्या आसपास राहिली, म्हणजे त्यातला मोठा वाटा पहिल्या तीन दिवसांचा. राक्षस बघायला आलेल्याला ‘राक्षस नव्हताच’ असे सांगितले की तो चिडणारच. पण हा दोष चित्रपट विकणाऱ्यांचा आहे. पटकथेने काय केले ते वेगळे तपासले पाहिजे.

पहिलाच प्रसंग घ्या. एका लहान मुलाचे दफन चालले आहे. बाप शवपेटीला बिलगून रडतो आहे. थडग्यावर डॅनियल निकल्सन हे नाव आणि १८८९ ते १८९७ ही वर्षे कोरलेली आहेत. प्रेक्षक इथेच काळ ठरवून मोकळा होतो. आता नीट पाहा. पडद्यावर ‘पेनसिल्व्हेनिया, १८९७’ अशी पाटी उमटत नाही. ती उमटली असती तर दिग्दर्शक स्वतः खोटे बोलला असता. इथे खोटे बोलतो तो दगड, आणि दगड गावकऱ्यांनी कोरलेला आहे. रहस्यपटातला हा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. पात्रे खोटे बोलू शकतात, पात्रांनी बनवलेल्या वस्तू खोट्या असू शकतात, पण कॅमेऱ्याने आणि पडद्यावरच्या पाटीने खोटे बोलू नये. प्रेक्षकाला आपण स्वतःच चुकीचा निष्कर्ष काढला असे वाटले तर तो मान डोलावतो, आणि आपल्याला फसवले गेले असे वाटले तर उठून जातो. ‘द व्हिलेज’ या नियमाला एकदाही बगल देत नाही.

पण त्या प्रसंगाचे खरे वजन दुसऱ्या वेळी कळते. रडणारा बाप, ऑगस्ट निकल्सन, स्वतः ज्येष्ठांपैकी आहे. जंगलापलीकडे काय आहे हे त्याला ठाऊक आहे. तिथे रस्ते, दवाखाने, औषधे आहेत हे माहीत असूनही त्याने शपथ पाळली आणि मुलगा गेला. पहिल्या वेळी हे दृश्य फक्त शोकाचे असते. दुसऱ्या वेळी त्या रडण्यात अपराधही ऐकू येतो, आणि थडग्याभोवती उभ्या असलेल्या बाकीच्या ज्येष्ठांकडे बघवत नाही, कारण त्या सगळ्यांना ते ठाऊक आहे. पुढच्या काही मिनिटांतच ल्युसियस पंचायतीसमोर उभा राहून लिहून आणलेली विनंती वाचतो. लहानग्या डॅनियलचा मृत्यू आपल्या मनाला लागून राहिला आहे, तेव्हा शहरात जाऊन औषधे आणण्याची परवानगी द्यावी, असे त्यात आहे. समोर त्याची आई अॅलिस बसलेली आहे आणि ऑगस्टही बसलेला आहे. कोणी रागावत नाही, विषय फक्त पुढे ढकलला जातो. ज्याला औषध आणू दिले नाही त्याच्याच जिवासाठी पुढे औषध आणावे लागते. दैवदुर्विलास इतका सरळ मांडलेला असूनही पहिल्या वेळी लक्षात येत नाही, कारण तेव्हा आपले डोळे जंगलाकडे लागलेले असतात.

आमचे म्हणणे एवढेच आहे. कलाटणी प्रेक्षकाला माहिती देते, आणि ती माहिती एकदा मिळाली की तिचे काम संपते. उपरोध, म्हणजे पात्राची कृती त्याच्यावरच उलटणे, त्या माहितीची किंमत कोणी मोजली ते दाखवतो, आणि ती किंमत प्रत्येक प्रसंगात नव्याने दिसते. म्हणून रहस्यपटाची परीक्षा रहस्य कळल्यानंतरच्या पाहण्यातच होते.

जनावरांचा धागा पाहा. गावात कातडी सोललेली जनावरे सापडू लागतात. गावकऱ्यांना वाटते प्राणी कोपले. आयव्हीच्या बहिणीच्या लग्नाच्या रात्री तर सोललेल्या जनावरांचा नुसता खच पडतो. पहिल्या वेळी ज्येष्ठांचे चेहरे भेदरलेले दिसतात आणि आपणही त्यांच्याबरोबर भेदरतो. पण प्राणी खोटे आहेत हे ज्येष्ठांना माहीत आहे! मग त्यांना भीती कशाची? आपल्यातलाच कोणी हे करतो आहे की काय, याची. सोंग रचणाऱ्यांच्या हातून सोंग निसटले आहे. तोच संवाद, तीच नजर, पण दुसऱ्या वेळी अर्थ पूर्ण उलटा. असा दुहेरी चालणारा प्रसंग लिहिणे फार अवघड असते, कारण नटाला एकाच वेळी दोन प्रेक्षकांसाठी खरे राहावे लागते. विल्यम हर्ट यांनी एडवर्ड ज्या थबकत्या, तोलूनमापून बोलण्याच्या ढंगाने उभा केला आहे, तो अनेकांना कृत्रिम वाटला. इतिहासाचा प्राध्यापक पुस्तकी भाषा वर्षानुवर्षे रोज बोलत राहिला तर तो असाच बोलेल.

भाषेबद्दल मात्र आमचीही एक तक्रार आहे. ज्येष्ठांनी ही बोली मोठेपणी उचलली. त्यांच्यापैकी एकाची तरी जीभ एकदा घसरायला हवी होती. रागाच्या भरात, झोपेत, मूल दगावताना एखादा १९७० च्या दशकातला शब्द निसटला असता, ऐकणाऱ्या पोराने तो बाहेरच्या शहराचा शब्द समजून सोडून दिला असता, तर तो उत्तम दुवा, म्हणजे रहस्याकडे बोट दाखवणारी खूण, झाला असता. उलट मुले ही बोली जन्मापासून बोलतात, त्यांच्या तोंडी ती सैल आणि झरझर यायला हवी होती. चित्रपटात दोन्ही पिढ्या एकाच अवघडलेपणाने बोलतात. इथे हातची संधी गेली.

हुलकावणी मात्र फार कसून दिलेली आहे. प्रत्येक ज्येष्ठाच्या घरात एक काळी कुलूपबंद पेटी आहे. पेटी दिसते, ल्युसियस आईला तिच्याविषयी विचारतो, या गावाच्या कोपऱ्याकोपऱ्यात गुपिते आहेत असे म्हणतो. आता प्रेक्षकाला गुपित हवे झाले. लगेच एक गुपित त्याच्या हाती दिले जाते: एडवर्डचे मन अॅलिसवर आहे. ल्युसियसने ते ओळखले कशावरून? तो तुला कधी स्पर्श करत नाही, यावरून. हा उलगडा इतका हळुवार आहे की प्रेक्षकाची भूक भागते आणि पेटी विसरली जाते. हुलकावणीसाठी निव्वळ खोटा संशयित उभा करणाऱ्या लेखकांनी हे मुद्दाम पाहावे. खरे रहस्य झाकायला दुसरे, लहान पण तितकेच खरे रहस्य लागते, आणि त्याला स्वतःचे मोल असावे लागते. शिवाय ‘मनात असते ते लपवण्यासाठी माणूस ती गोष्ट करायचे टाळतो’ ही या गुपिताची रीतच पुढे साऱ्या गावाला लागू पडते.

नोहाचा धागाही असाच आधीपासून विणलेला आहे. त्याच्या हाती जंगलातली लाल फळे दिसतात. ल्युसियस त्यावरून तर्क करतो की नोहा निरागस असल्यामुळे प्राणी त्याला काही करत नाहीत, मग माझाही हेतू शुद्ध आहे, मलाही ते जाऊ देतील. तर्क चुकीचा, पण त्याच्या पोटातली माहिती खरी: नोहा जंगलात जातो-येतो. चांगला दुवा असाच असतो. प्रेक्षकाला माहिती सरळ न देता ती एखाद्या पात्राच्या चुकीच्या निष्कर्षात दडवायची. प्रेक्षक निष्कर्षाचा विचार करत बसतो आणि माहिती विसरतो.

आता जिथे चित्रपट खरोखर अडखळतो तिकडे वळू, कारण पुरवणीतल्या लेखाने नेमके तेच सोडले आहे. १०८ मिनिटांच्या या चित्रपटाचा जवळजवळ तिसरा भाग शिल्लक असताना एडवर्ड आयव्हीला वापरात नसलेल्या खोपटात नेतो आणि प्राण्यांची सोंगे तिच्या हाताला लावून दाखवतो. किंचाळू नकोस, असे तिला आधी बजावतो. प्रसंग म्हणून तो अप्रतिम आहे, कारण अंध मुलीला सत्य बोटांनी चाचपावे लागते. पण लगेच तिला जंगलात पाठवले जाते, आणि ज्याचे भय वाटायचे ते आताच नाहीसे झालेले असते. मग भय परत आणायला एडवर्डचे एक वाक्य वापरले जाते: या जंगलात असे प्राणी असल्याच्या अफवा इतिहासाच्या एका पुस्तकात होत्या. आयव्हीला हे वाक्य आठवते आणि प्राणी समोर उभा राहतो. इथे बऱ्याच प्रेक्षकांचा धागा तुटतो. आधी पूर्ण काढून घेतलेले भय एका वाक्याने भरून येत नाही.

दुरुस्ती अवघड नव्हती. खोपटातल्या प्रसंगात एका सोंगाची खुंटी रिकामी दाखवली असती आणि तिचा उल्लेख कोणीही केला नसता, तरी काम झाले असते. आयव्हीला रिकामी खुंटी दिसणार नाही, प्रेक्षकाला दिसेल. मग जंगलात ती निर्धास्त चालली असती आणि प्रेक्षक तिच्यासाठी धास्तावला असता. चित्रपटात नोहाला कोंडलेल्या खोलीच्या फरशीखाली सोंग लपवलेले होते हे आपल्याला हल्ल्याच्या ओघात, उशिरा कळते. म्हणजे कलाटणी वाचवण्यासाठी ताण गमावला. प्रेक्षकाला आधी सांगून ताण मिळवायचा की लपवून धक्का मिळवायचा, हा निर्णय रहस्यपटाच्या लेखकाला प्रत्येक रहस्यासाठी स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. आमच्या मते इथे तो उलटा घेतला गेला.

दुसरा दोष पेट्या उघडतात तिथे आहे. पेटीतून एक छायाचित्र निघते. शोकग्रस्तांच्या समुपदेशन केंद्रासमोर उभी असलेली तरुण मंडळी, अंगावर १९७० च्या दशकातले कपडे. तेवढ्याने सगळे कळते. त्यावर पुन्हा प्रत्येकाच्या आवाजात आपापल्या आप्ताच्या खुनाची हकिगत ऐकवली जाते. शिवाय वरून विमाने कशी जात नाहीत या शंकेचे उत्तर जंगलाबाहेरच्या पहारेकऱ्याच्या संवादात, कलाटणीनंतर येते: विमानांचे मार्ग इथून जाऊ नयेत म्हणून पैसे चारले गेले होते. शंका विचारली जाण्याआधी दिलेले उत्तर कथेचा भाग होते, नंतर दिलेले उत्तर सारवासारव वाटते. मीठ, काच, सुया, कापड गावात येते कुठून, याचे तर उत्तरच नाही. एकांतातल्या समुदायाची गोष्ट लिहिणाऱ्याने पहिल्या दिवशी अशी यादी करावी: आत काय बनते, काय बनत नाही, जे बनत नाही ते कोण आणतो. त्या यादीतूनच अनेकदा चांगला दुवा सापडतो. रात्री कोणीतरी सुया आणायला जात असेल, तर त्याच्या बुटांना चिखल लागलेलाच असणार.

एवढे दोष मान्य करूनही आमचे मत बदलत नाही. शेवटच्या भागात उपरोधाचे जे थर रचले आहेत त्यांच्या तोडीचे अलीकडच्या रहस्यपटांत फार थोडे सापडते.

आयव्हीलाच का पाठवले? एडवर्ड म्हणतो तिचे प्रेम तिला वाट दाखवेल, आणि ते तो मनापासून म्हणतो. पण ती अंध आहे हे सोयीचेही आहे. कुंपणापलीकडे गेलेला माणूस परत येऊन काय पाहिले ते सांगणार, आणि ही सांगूच शकणार नाही. बाप प्रेम आणि सोय यांत फरक करत नाही, बहुधा त्याला स्वतःलाही तो दिसत नाही. तिच्यासोबत दिलेली दोन तरुण मुले भीतीने गळतात, कारण प्राणी खोटे आहेत हे त्यांना सांगता येत नाही. गावाच्या रक्षणासाठी रचलेल्या खोट्यामुळेच म्होरक्याची अंध मुलगी जंगलात एकटी पडते.

कुंपणावरून ती डांबरी रस्त्यावर उतरते आणि तिला भेटतो वॉकर अभयारण्याचा, म्हणजे गावाभोवतीच्या याच जंगलाचा, गणवेशधारी रक्षक. बाहेरची माणसे दुष्ट आहेत हे ऐकत ती वाढली. हा पोरगा गोंधळतो, पण वरिष्ठाला चुकवून औषधे आणून देतो. बदल्यात ती देते ते सोन्याचे घड्याळ त्याने मागितलेलेही नव्हते. तुझ्या आवाजात दया आहे, मला ती अपेक्षित नव्हती, असे आयव्ही त्याला म्हणते. दुसरीकडे चौकीत बसलेला वरिष्ठ रक्षक, ज्याचा चेहरा फक्त काचेतल्या प्रतिबिंबात दिसतो आणि जो खुद्द श्यामलन यांनी केला आहे, वर्तमानपत्र वाचतो आहे. बाहेर खून आणि मृत्यू चालूच आहेत. म्हणजे ज्येष्ठ बाहेरच्या जगाविषयी खोटे बोलले नव्हते, त्यांनी फक्त त्यातली दया वगळली. आणि आत काय झाले? ज्या हिंसेपासून पळून त्यांनी गाव वसवले, ती हिंसा गावातल्या सर्वांत निरागस समजल्या जाणाऱ्या मुलाच्या हातून घडली. त्या मुलालाही उपचार हवे होते, तेही जंगलापलीकडेच होते.

मग शेवट. जंगलात आयव्हीने चकवल्यामुळे नोहा खड्ड्यात पडून मेला आहे. आपण कोणाला मारले हे आयव्हीला ठाऊक नाही. एडवर्ड त्याच्या आईबापांना सांगतो की त्याला प्राण्यांनी मारले असे आपण गावाला सांगू, तुमच्या मुलाने आपल्या गोष्टी खऱ्या केल्या, हे गाव पुढे चालवायची संधी त्याने दिली, अर्थात आपली तशी इच्छा असेल तर. एकेक ज्येष्ठ उभा राहतो. पहिल्या वेळी इथे चित्रपट थंडावल्यासारखा वाटतो, कारण धक्के संपलेले असतात. खरे तर सगळ्यात भयंकर गोष्ट इथे घडते. ज्येष्ठांना सत्याकडे वळण्याची मोकळी वाट मिळालेली असते आणि ते पोटच्या मुलाचा मृत्यू वापरून खोटे पक्के करतात. आयव्ही औषध घेऊन परत येते, ल्युसियस बहुधा वाचेल, आणि त्याच दारात गावाचे भय पुढच्या पिढीसाठी कायम होते. ब्राइस डॅलस हॉवर्ड यांचा हा पहिला मोठा चित्रपट. शेवटी त्यांच्या चेहऱ्यावर निखळ आनंद आहे, आणि तो निखळ आहे म्हणूनच सोसवत नाही. हिलरी हान यांचे व्हायोलिन अग्रभागी ठेवणाऱ्या जेम्स न्यूटन हॉवर्ड यांच्या संगीताला ऑस्कर नामांकन मिळाले होते. तेही शेवटी जयघोष करत नाही, शोकच करते.

तुलनेसाठी एक जुना चित्रपट घेतो, १९७३ चा ब्रिटिश ‘द विकर मॅन’. दिग्दर्शक रॉबिन हार्डी, पटकथा अँथनी शॅफर. इथेही एकाकी समुदाय आहे, स्कॉटलंडजवळचे समरआइल बेट. रोवन नावाची मुलगी हरवल्याचे निनावी पत्र आल्यावर सार्जंट हाउई हा कर्मठ ख्रिस्ती पोलीस तिथे उतरतो. अशी मुलगीच नाही, असे सगळे सांगतात. सुगीसाठी तिचा बळी देणार, या निष्कर्षाला तो येतो आणि तिला वाचवायला धडपडतो. बळी त्याचाच द्यायचा होता हे त्याला शेवटी कळते. कायद्याचा प्रतिनिधी, ब्रह्मचारी, आपल्या पायांनी आलेला, आणि विदूषकाच्या वेषातला, अशा सगळ्या अटी तो स्वतःच पुऱ्या करतो. प्रत्येक अट त्याच्या एखाद्या सद्गुणातून पुरी होते, हे विसरता येत नाही. मोहाला बळी पडला असता तर तो बळी द्यायच्या योग्यतेचा राहिला नसता.

या चित्रपटातला एक दुवा आम्हाला सर्वांत आवडतो. बेट सफरचंदांसाठी प्रसिद्ध, आणि खानावळीत हाउईच्या पुढ्यात डबाबंद फळे येतात. तो वैतागतो, प्रसंग पुढे सरकतो. दुव्याला त्या प्रसंगात स्वतःचे काम आहे: जेवण बेचव असणे आणि माणसाचा चिडका स्वभाव दिसणे. खानावळीच्या भिंतीवर दरवर्षीच्या सुगीच्या तसबिरी आहेत, गेल्या वर्षीची मात्र नाही. या दोन गोष्टी जोडल्या की पीक बुडाले हे कळते, आणि पीक बुडाले हे कळले की बाकी सगळे कळते. हे चित्रण १९७२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाले, तेव्हा मे महिन्याचा बहर दाखवायला झाडांना खोटी फुले चिकटवावी लागली होती!

दोन्ही समुदायांत एक साम्य आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. दोन्हीकडची श्रद्धा जुनी नाही, ती शिकलेल्या माणसाने ठरवून घडवलेली आहे. समरआइलच्या सध्याच्या धन्याचा आजा एकोणिसाव्या शतकातला शेतीतज्ज्ञ. १८६८ मध्ये बेट ताब्यात घेऊन त्याने नव्या फळजाती लावल्या आणि लोक हुरूपाने राबावेत म्हणून जुन्या देवांची पूजा पुन्हा सुरू केली. एडवर्ड इतिहासाचा प्राध्यापक आहे. एकाने श्रद्धा वापरली, दुसऱ्याने भय. पण बेटावर तिसऱ्या पिढीपर्यंत सोंग रचणारा कोणी उरलेला नाही, तिथे सगळे खरे मानतात. ‘द व्हिलेज’मधले ज्येष्ठ गेल्यावर तिथेही हेच होणार. ‘द विकर मॅन’मध्ये मरता मरता हाउई धन्याला बजावतो की पुढच्या वर्षी पुन्हा पीक बुडाले तर लोकांना तुझाच बळी लागेल. चित्रपट संपतो आणि उपरोध पुढच्या वर्षात चालत राहतो. धन्याच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जी सावली येते ती क्रिस्टोफर ली यांनी फार संयमाने दाखवली आहे.

आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धांत आणि वेबमालिकांत शेवटच्या मिनिटाला धक्का देण्याची सध्या चढाओढ आहे, म्हणून लिहिणाऱ्यांसाठी एक रीत सुचवतो. आधी लपवलेली गोष्ट घडली त्या क्रमाने, सलग लिहून काढा. ‘द व्हिलेज’ची सुरुवात थडग्यापाशी न होता समुपदेशन केंद्रात होईल. मग दाखवायची गोष्ट प्रसंगवार लिहा आणि प्रत्येक प्रसंगापुढे दोन रकाने आखा: न कळलेल्या प्रेक्षकाला यातून काय मिळते, आणि कळलेल्याला काय मिळते. ज्या प्रसंगात गुपित माहीत असलेले पात्र हजर आहे तिथे दुसरा रकाना रिकामा राहिला, तर ते पात्र त्या प्रसंगात खोटे वागते आहे. पहिला रकाना रिकामा राहिला, तर तो प्रसंग केवळ दुवा पेरायला घातलेला आहे आणि जाणकार प्रेक्षक तिथेच ओळखेल. शेवटी एक प्रश्न: सत्य कळल्यावर कोणाला काही करावे लागते का? कळून कोणाचे काही बदलत नसेल तर धक्का कितीही मोठा असो, तो कोड्याच्या उत्तराहून अधिक काही नाही. ‘द व्हिलेज’मध्ये सत्य कळल्यावर आयव्हीला जंगलात जावे लागते आणि ज्येष्ठांना उभे राहून कौल द्यावा लागतो.

आपल्याकडे दोन विनंत्या. रहस्यपटाचे परीक्षण छापताना शेवट सांगणारा मजकूर वेगळ्या चौकटीत, सूचनेसह द्यावा. म्हणजे समीक्षकाला शेवटाविषयी मोकळेपणाने लिहिता येईल आणि ‘शेवट फसला’ असे म्हणताना तो का फसला हे सांगणेही भाग पडेल. आणि जुन्या रहस्यपटांसाठी, रहस्य माहीत आहे असे धरूनच लिहिलेले एखादे सदर सुरू करावे. ‘द व्हिलेज’ आणि ‘द विकर मॅन’ ही सुरुवातीची नावे आम्ही सुचवतो. दुसऱ्या चित्रपटाची ८७ मिनिटांची कापलेली प्रत आणि त्याहून लांब प्रत अशा दोन्ही मिळतात. लिहिणाऱ्याने लांब प्रत पाहावी, कारण कापलेल्या प्रतीत हाउईच्या धार्मिक आयुष्याचे सुरुवातीचे प्रसंग आणि मोहाच्या रात्रीची मांडणी यांनाच कात्री लागली आहे, आणि शेवटच्या अटी त्यांच्यावरच उभ्या आहेत.

आपले,
पटकथालेखन शिकवणारे दोन वाचक, पुणे